चावी न दिलेली आगबोट

जुन्या खेळण्यांच्या बाजारात एक नियम आहे. तो ज्याला प्रथम कळतो तो थोडा चमकतोच. ज्या खेळण्याशी मूल जितके कमी खेळले, तितकी त्याची किंमत जास्त. रंग उडालेला नाही, चावी हरवलेली नाही, मूळचा पुठ्ठ्याचा खोका जसाच्या तसा आहे, अशी वस्तू निघाली की बोली चढतच जाते. याचा सरळ अर्थ असा की ती वस्तू ज्या कामासाठी केली ते काम तिच्या हातून झाले नाही, आणि त्या न झालेल्या कामाचेच पैसे मोजले जातात. एखादी छत्री कधी पावसात नेली नाही म्हणून कोणी तिला देव्हाऱ्यात बसवीत नाही. खेळण्याच्या बाबतीत मात्र शहाणीसुरती माणसे तसे करतात. यात काही चुकते आहे काय, हा प्रश्न आज वाचकांपुढे ठेवण्याचा विचार आहे.

प्रश्न आमच्या डोक्यात आला तो दोह्याहून आलेल्या एका फोनमुळे. कतारच्या या राजधानीत आमचे एक जुने स्नेही राहतात. मूळचे श्रीवर्धनकडचे कोकणी मुसलमान. ऐन तारुण्यात मुंबईच्या गोदीत आमच्या बरोबरीने घाम गाळलेले. पुढे ते आखातात गेले, आम्ही इकडे आलो. आता ते निवृत्त होऊन मुलाकडे असतात. या गृहस्थांना पत्र्याच्या, चावीवर चालणाऱ्या जुन्या आगबोटी जमविण्याचा नाद आहे. सगळ्या मिळून दहा-बारा असतील. बड्या संग्राहकांच्या हिशेबी ही काहीच नव्हे, पण पगारातून वाचवून एकेक घेतलेली. त्यांतली एक जर्मन बनावटीची, दोन धुराड्यांची, मूळ खोक्यासकट आहे आणि बहुधा ती कधीच पाण्यात उतरलेली नाही. सुटीत आठ वर्षांचा नातू आला, आणि ही बोट टबात सोडू या म्हणून हट्ट धरून बसला. आजोबांनी नाही म्हटले. पोर रडून झोपले. "तो विसरला असेल, भाऊ," स्नेही फोनवर म्हणाले, "पण मला दोन रात्री झोप नाही. मी बरोबर केले की चूक, तेवढे सांगा."

जहाज फुटून नवगावच्या किनाऱ्याला लागलेल्यांची आपण लेकरे. बोटीचा प्रश्न विचारला तर तोंड फिरवून कसे चालेल?

ज्यांनी अशा बोटी पाहिल्या नाहीत त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पहिल्या महायुद्धापर्यंत त्यांचा ऐन भराचा काळ. उत्तम बोटी बहुतेक जर्मनीत होत. गोपिंगेन गावची मेर्कलिन कंपनी १८५९ साली निघालेली; न्यूरेंबर्ग शहरात बिंग, कॅरेट, फ्लाइशमान. कथील चढवलेला पातळ लोखंडी पत्रा साच्यात दाबायचा, सांधे डाख लावून जोडायचे आणि वर हाताने रंग द्यायचा. पोटात घड्याळासारखी गुंडाळलेली पोलादी स्प्रिंग व दातेरी चाके, मागे छोटासा पंखा. चावी कुठे धुराड्यातून बसे, कुठे डेकवरच्या भोकातून. सुकाणू थोडे वाकडे करून सोडले तर बोट गोल फिरून काठाला परत येई. विसरले तर तळ्याच्या मधोमध जाऊन थांबे, आणि मग कोणाचा तरी बाप पँट वर करून पाण्यात उतरे. लंडनच्या केन्सिंग्टन बागेतला गोल तलाव काय, पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेतले कुंड काय, खेळण्यातल्या बोटी सोडण्याची ही प्रसिद्ध ठिकाणे.

आता पाणी आणि लोखंडी पत्रा यांचे सख्य किती दिवस टिकणार? पंख्याची दांडी जिथून बाहेर येते तिथून पाणी आत शिरते, स्प्रिंग गंजते, आणि एकदा गंजली की संपले. खेळण्यातली आगगाडी रुळावरून घसरली तर उचलून पुन्हा ठेवता येते. बोट बुडाली की बुडाली. म्हणून त्या काळच्या आगगाड्या पुष्कळ सापडतात आणि बोटी थोड्या. ज्या उरल्या त्यांतल्या कित्येक अशा, की ज्यांना पाणी फारसे लागलेच नाही.

अमेरिकेतील प्रकाशक माल्कम फोर्ब्स यांच्या कुटुंबाने अशा पाचशेंहून अधिक बोटी जमविल्या, आणि १९८५ साली न्यूयॉर्कमध्ये त्यांचे दालन लोकांना खुले केले. फोर्ब्स १९९० साली वारले. २०१० च्या डिसेंबरात त्या बोटी लिलावात निघाल्या. मेर्कलिनने केलेल्या 'लुसिटानिया' या आगबोटीला दोन लाख डॉलरच्या जवळपास किंमत आली. खरी 'लुसिटानिया' ७ मे १९१५ रोजी जर्मन पाणबुडीने आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ बुडविली आणि सुमारे १,२०० माणसे गेली. जर्मन कारागिराने तिची खेळण्यातली प्रत करावी आणि जर्मन पाणतीराने मूळ जहाज तळाला घालावे! असो. इतिहासाला विनोदबुद्धी आहे, पण ती चांगली आहे असे आम्ही म्हणणार नाही.

आता मूळ प्रश्न. बोट माझी, पैसे माझे, मी वाटेल ते करीन, असे आमचे स्नेही म्हणू शकले असते. ते तसे म्हणाले नाहीत हीच विचार करण्यासारखी गोष्ट आहे. समजा त्यांनी ती बोट हातोड्याने चेपून भंगारात घातली, तर कोणता कायदा त्यांना धरील? कोणताही नाही. तरी ऐकणाऱ्या प्रत्येकाला वाटेल की काही वाईट घडले. म्हणजे विकत घेतल्याने वस्तू पूर्णपणे आपली होते हे खरे नाही. संग्राहकाच्या हातात ती ठेवीसारखी असते. मग ठेव कोणाची? स्नेह्यांचे उत्तर तयार होते: "पुढच्या पिढीची. मी काय, आज आहे, उद्या नाही."

उत्तर ऐकायला चांगले वाटते. तथापि त्यात एक खोट आहे. पुढची पिढी तर न्हाणीघराच्या दारात, टब भरून उभी होती! तिला नाही म्हटले ते तिच्या पुढच्या पिढीसाठी. हा नातूही उद्या आजोबा होईल आणि आपल्या नातवाला हेच सांगेल. प्रत्येकाने पुढच्यासाठी राखायचे, आणि शेवटचा असा कोणीच नाही ज्याच्यासाठी राखले. आम्ही लहानपणी पाहिलेला एक गालिचा आठवतो. पाहुणे आले की काढायचा म्हणून गुंडाळून ठेवलेला. त्याच्या योग्यतेचे पाहुणे कधी आलेच नाहीत, कसर मात्र आली.

परंतु दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. सगळ्या नातवांचे सगळे हट्ट पुरविले गेले असते, तर आज शंभर वर्षांपूर्वीचे एकही धड खेळणे उरले नसते, आणि या नातवाला हट्ट धरायला वस्तूच सापडली नसती. जी बोट खेळली गेली नाही, तिच्यामुळेच खेळून बुडालेल्या शेकडो बोटी कशा दिसत होत्या हे आपल्याला कळते. तिच्या नशिबी साक्षीदाराचे काम आले. ते काम तिने मागितले नव्हते, पण आता तिच्याशिवाय करणारे कोणी नाही.

आमचे स्नेही राहतात तो देश तर असल्या प्रश्नाचे घरच आहे. कतारचे शेख सौद बिन मोहम्मद अल थानी यांनी १९९७ ते २००५ या काळात इतकी खरेदी केली की जगातल्या लिलावघरांचे डोळे दोह्याकडे लागले. २००५ साली त्यांना पदावरून जावे लागले, २०१४ साली ते वारले; त्यांनी आणलेल्या पुष्कळ वस्तू २००८ साली उघडलेल्या इस्लामी कला संग्रहालयात आहेत. दोह्याबाहेर शहानियाजवळ शेख फैसल बिन कासिम अल थानी यांचे किल्ल्याच्या आकाराचे संग्रहालय आहे. जुन्या मोटारी, गलबते, गालिचे, नाणी, एका माणसाने आयुष्यभर जे जे आवडले ते जमविलेले. "तेलाचा पैसा आहे, घेताहेत झाले," असे नाक मुरडून बोलणारे आम्ही पुष्कळ ऐकले आहेत. आम्हांस ते पटत नाही. तेलाच्या आधी हा देश मोत्यांवर जगत होता. १९३० च्या सुमारास जपानी संवर्धित मोती आणि जागतिक मंदी एकदम आली, आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा थोड्या वर्षांत बसला. तेलाची निर्यात सुरू झाली १९४९ साली. मधल्या काळात लोकांनी उपास काढले, कित्येक देश सोडून गेले. ज्यांनी सगळे जीवन असे एकदा हातातून निसटताना पाहिले, त्यांच्या नातवंडांना वस्तू धरून ठेवाव्याशा वाटल्या तर नवल ते काय? आपल्यासारख्या उठून आलेल्या लोकांनी तरी हसू नये.

त्यातून कतारचे मोती जात कुठे, तर मुंबईच्या बाजारात. आखातातली गलबते मुंबईला येत, आणि १९६६ पर्यंत तर कतारमध्ये रुपयाच चालत असे. २०१९ साली उघडलेल्या दोह्याच्या राष्ट्रीय संग्रहालयात आज आपल्या मराठी बडोद्याचा मोत्यांचा गालिचा आहे. २०२२ च्या नोव्हेंबरात फुटबॉलच्या विश्वचषकासाठी तेल अवीवहून दोह्याला खास विमाने गेली होती. त्यांतल्या कोणा वाचकाने तो पाहिलाही असेल. खंडेराव महाराज गायकवाड यांनी १८६५ च्या सुमारास तो करविला. सुमारे पंधरा लाख बारीक बसऱ्याचे मोती, शिवाय हिरे, माणके, पाचू. मदिनेला प्रेषितांच्या कबरीवर घालण्यासाठी तो होता. १८७० साली महाराज वारले आणि गालिचा बडोद्यातच राहिला. पुढे महाराणी सीतादेवींबरोबर मोनॅकोला गेला, आणि २००९ च्या मार्चमध्ये दोह्यातच लिलाव होऊन सुमारे ५५ लाख डॉलरला विकला गेला. म्हणजे पाहा, ज्या कामासाठी केला ते काम त्याच्याही हातून झाले नाही. तोही एक खोक्यात राहिलेली बोटच. पण न झालेल्या त्या कामामुळे आखातातले मोती आखातात परतले आहेत, आणि तिथला मुलगा आपल्या पणजोबांनी समुद्रातून काय काढले ते डोळ्यांनी पाहू शकतो.

पाहू शकतो, पण त्याला कोणीतरी सांगितले तर. ते मोती काढणारा पाणबुड्या नाकाला चिमटा लावून, पायाला दगड बांधून दिवसातून कितीदा तरी खाली जाई. मालकाचे कर्ज हंगामामागून हंगाम त्याच्या डोक्यावर असे, आणि तो मेला की पुष्कळदा मुलाच्या डोक्यावर येई. गालिच्यावर महाराजांचे नाव चिकटले. पंधरा लाखांतला एक मोती कोणी काढला, हे कोणालाही सांगता येणार नाही.

इथे आम्ही स्नेह्यांना उलट प्रश्न केला. तुमच्या त्या बोटीवर काय लिहिले आहे? ते म्हणाले, जीबीएन. या तीन अक्षरांमुळे किंमत वाढते हे त्यांना ठाऊक होते. 'गेब्रुडर बिंग न्यूरेंबर्ग', म्हणजे न्यूरेंबर्गचे बिंग बंधू, हेही ठाऊक होते. बिंग कोण, हे मात्र त्यांनी कधी विचारले नव्हते.

इग्नाझ आणि अडोल्फ बिंग हे ज्यू भाऊ. पहिल्या महायुद्धाच्या आधी त्यांचा कारखाना जगातल्या सर्वांत मोठ्या खेळण्यांच्या कारखान्यांत गणला जाई. हजारो माणसे कामाला. १९३२ च्या मंदीत तो बुडाला. इग्नाझ यांचे पुत्र स्टेफान यांनी त्याआधीच वेगळे होऊन ट्रिक्स नावाची कंपनी उभी केली होती. १९३८ साली ती सोडून त्यांना इंग्लंड गाठावे लागले. न्यूरेंबर्गच्याच टिप कंपनीचे फिलिप उलमन १९३३ सालीच निसटले, आणि नॉर्थॅम्प्टन येथे त्यांनी मेटॉय हा कारखाना काढला. मुंबईतल्या ज्या पोरांच्या नशिबी १९५६ नंतर 'कॉर्गी'ची एखादी छोटी मोटार आली, त्यांना आता कळू द्या की ती याच उलमन यांच्या कारखान्याची. डॉल ही आणखी एक ज्यू मालकांची कंपनी. ती १९३८ साली फ्लाइशमानकडे गेली. ज्या काळात ज्यूंना धंदा ठेवूच देत नव्हते, त्या काळातली ही विक्री. ती कसली विक्री, हे वाचकांना सांगायला नको.

त्या शहरातल्या कित्येक मुलांची खेळणी खोक्यातच राहिली असतील. आमच्या स्नेह्यांची बोट त्यांतली आहे असे आमचे म्हणणे नाही. ती त्याआधीची आहे आणि दुकानात पडून राहिलेलीही असू शकेल. पण 'अजिबात न वापरलेली' हे शब्द लिलावाच्या यादीत वाचताना त्यामागे एखादे मूल असू शकते, हे ज्याच्या मनात येत नाही, त्याच्या कपाटात नुसता रंगीत पत्रा आहे असे आम्ही समजतो. मग त्याने तो कितीही लाखांना घेतलेला असो.

याच विचाराने आमचा बाजाराशी दुसरा एक वाद आहे. स्नेह्यांच्या जवळ आणखी एक बोट आहे, मागच्या फळीवर ठेवलेली. डोलकाठी मोडलेली, बूड गंजलेले, आणि कडेला कुठल्याशा पोराने घरातला हिरवा तैलरंग फासलेला. ब्रशाचे ओघळ स्पष्ट दिसतात. नावही लिहायचा प्रयत्न केला होता, दोन अक्षरांवर थांबला. जाणकार म्हणतात, हा रंग खरवडून मूळ रंग द्या, किंमत तिप्पट होईल. आमच्या मते हे पाप आहे. साऱ्या संग्रहात त्या एका बोटीवर मुलाचा हात उमटला आहे, आणि तोच पुसायचा? कारखान्याने तसा मूळ रंग हजारांना दिला. तो हिरवा एकालाच मिळाला.

आपल्या घरांतल्या शोकेसकडेही जरा पाहावे. ट्रंकेतून आणलेले तांब्याचे घंगाळ, पुरणयंत्र, नारळ खवणायची विळी. काही घरांत ती काचेआड आहेत, लख्ख घासलेली, आणि सुनेला ती कशी धरायची ठाऊक नाही. काही घरांत विळी अजून खाली बसून चालवतात, आणि तिचे पाते झिजून निम्मे झाले आहे. कोणत्या घरात विळी जास्त टिकली? आम्ही दोन्हीही घरांत जेवलो आहोत, म्हणून उत्तर देण्याचे टाळतो.

स्नेह्यांना आम्ही शेवटी सांगितले ते असे. टबात न सोडल्याबद्दल झोप घालवू नये. एका संध्याकाळच्या खेळासाठी शंभर वर्षे टिकलेली स्प्रिंग गंजवणे आम्हांस मान्य नाही. पण बोटीला चावी द्यावी, आणि ती नातवाने द्यावी. टेबलावर टेकू देऊन ठेवावी, पंखा फिरू द्यावा, आवाज ऐकू द्यावा. घड्याळ दुरुस्त करणारा कोणीही सांगेल की वर्षानुवर्षे बंद ठेवलेल्या यंत्रातले तेल घट्ट होऊन चाके चिकटतात. तेव्हा थोडे खेळणे हे जतनाच्याही हिताचे आहे. सोबत बिंग बंधूंची गोष्ट सांगावी, आठ वर्षांच्या मुलाला झेपेल तेवढी. आणि पाण्यासाठी मुंबईहून एक वातीची बोट मागवावी.

ती आपण सगळ्यांनी जत्रेत पाहिली आहे. पत्र्याची, वीतभर लांब, पोटात चपटी टाकी आणि मागे पाण्यात बुडणाऱ्या दोन नळ्या. नळ्यांत आधी पाणी भरायचे, टाकीखाली तेलाची पेटती वात सरकवायची. टाकीत वाफ झाली की ती पाणी मागे ढकलते, निवली की पाणी परत ओढते, आणि फटफट फटफट करीत बोट निघते. हिचे पहिले पेटंट १८९१ साली इंग्लंडमध्ये घेतले गेले, पण आज ती आपल्याकडे होते. बुडाली तर दुसरी आणता येते. कोकणात आम्ही नारळाची पोय पाण्यात सोडीत असू, आखातातली पोरे रॉकेलच्या डब्याचा पत्रा कापून गलबते करीत. त्यांतले एकही आज कुठल्या कपाटात नसेल, आणि त्याचे आम्हांस दुःख वाटत नाही.

स्नेह्यांना अर्धेच पटले. चावीला हो म्हणाले, हिरव्या बोटीला पुढच्या फळीवर आणले, पण खोक्याला नातवाने हात लावायचा नाही यावर अडून बसले आहेत. पुठ्ठा तेवढा नाजूक असतो, हे आम्हीही कबूल करतो. आता त्यांची खरी चिंता वेगळीच आहे. मुलाला या बोटींत रस नाही, मुलगी कॅनडात. फोर्ब्सांचा संग्रहदेखील अखेर लिलावात फुटला, मग आपल्या दहा-बारा बोटींचे काय, असे ते विचारतात. कोणत्या संग्रहालयाला द्याव्या की विकाव्या, यावर आमचा निर्णय झालेला नाही. तोवर एक काम त्यांनी सुरू केले आहे. प्रत्येक बोटीच्या खाली एक कागद: कोणी केली, कुठे, कोणाकडून घेतली, किती रुपये-रियाल पडले, काय मोडले होते, कोणी सांधले. पहिल्या पाच मराठीत झाल्या आहेत. नातवाला मराठी वाचता येत नाही, म्हणून सहाव्यापासून इंग्रजीत लिहू का, असे परवा विचारीत होते. दोन्हीत लिहा, म्हटले.